थांबता थांबता पेडल थरथरतं, एबीएसचा दिवा लागतो-विझतो : ट्रायल घेऊन दोष कसा शोधायचा

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीजवळ माझं गॅरेज आहे. पावसाळा सरत आला की एक तक्रार दरवर्षी हमखास येते, आणि सांगणाऱ्याचे शब्दही जवळजवळ तेच असतात. "सिग्नलला गाडी थांबत आली, की शेवटच्या दोन-तीन फुटांत पेडल पायाखाली कर्रर्र करून थरथरतं, आणि गाडी थांबायची सोडून पुढे सरकते." रस्ता कोरडा, वेग दहाच्या आत, ब्रेकही अलगद दाबलेला. कुणाच्या गाडीत सोबत एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागतो, बऱ्याच जणांच्या गाडीत तो लागतही नाही.

यातले कितीतरी लोक दुसरीकडून एबीएसचं अख्खं मॉड्यूल बदलायचं एस्टिमेट घेऊन आलेले असतात. मॉड्यूल म्हणजे पंप, व्हॉल्व आणि कॉम्प्युटर असा एकत्र ठोकळा. बदलायला महाग, आणि मी पाहिलेल्या बहुतेक गाड्यांत तो अगदी ठीक असतो. दोष चाकापाशी असतो: चाकाबरोबर फिरणारी गंजलेली रिंग, तिच्यावरून चाकाचा वेग मोजणारा पण घाण बसलेला सेन्सर, ढिलं बेअरिंग, घासलेली वायर. आपल्याकडे 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्या वेळच्या गाड्यांनी आता कितीतरी पावसाळे, चेंबरची झाकणं आणि खड्डे खाल्ले आहेत. म्हणून ही तक्रार आता छोट्या हॅचबॅकमध्येही रोजची झाली आहे.

आधी लक्षणं नीट ऐका

गाडीला हात लावण्याआधी मी पाच मिनिटं फक्त विचारतो. कधी होतं, किती वेगाला, सरळ चालताना की वळताना, पाऊस पडल्यावर की कायम, आणि त्याआधी गाडीचं काय काम झालं होतं? या उत्तरांतच निम्मा दोष सापडतो.

थांबता थांबता, पाच ते दहाच्या वेगाला पेडल थरथरत असेल तर एका चाकाच्या वेगाचा सिग्नल कमजोर आहे. साठ-सत्तरवरून ब्रेक दाबल्यावर पेडलबरोबर स्टेअरिंगही हलत असेल आणि वेग कमी होईल तसं ते शांत होत असेल, तर तो बहुधा एबीएसचा दोष नाही, डिस्क वाकडी झिजली आहे. दिवे घाट ब्रेकवरच उतरणाऱ्यांच्या गाड्यांत हे खूप दिसतं. गाडी सुरू केल्यावर दिवा विझतो, पण वीस-तीसचा वेग आला की परत लागतो, तेव्हा कॉम्प्युटरला चारपैकी एका चाकाचा वेग मिळतच नाहीये. फक्त डावीकडे किंवा उजवीकडे वळताना दिवा लागत असेल तर बेअरिंग किंवा वायर. पावसात लागून दोन दिवसांनी आपोआप जात असेल तर कपलरमध्ये, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लगमध्ये, पाणी.

आणि जे दोष नाही तेही सांगतो. ब्रेक दाबलेला असताना चाक खड्ड्यात गेलं, चेंबरच्या गुळगुळीत झाकणावर किंवा बारीक खडीवर आलं, तर पेडल क्षणभर थरथरणारच. एबीएस तिथे आपलं काम करतंय. सकाळी गाडी काढल्यावर पहिल्या काही मीटरमध्ये बॉनेटखालून एकदाच छोटा "घर्र" आवाज येतो, तो पंपाची स्वतःची तपासणी असते. त्यासाठी गॅरेजला येऊ नका.

फुकटच्या तपासण्या

चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. हा दिवा लागतच नसेल तर खूश होऊ नका. जुनी गाडी विकताना मीटर उघडून तो दिवा बंद केलेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत. दिवा दिसत नाही म्हणजे दोष नाही, असं धरून पुढे गेलात तर ट्रायलमध्ये फसाल.

मग ब्रेक ऑइलची बाटली बघा. पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवी. खाली गेली असेल तर नुसतं ऑइल भरून मोकळं होऊ नका. पॅड झिजले की पातळी उतरते, आणि कुठे गळत असेल तरी उतरते, तेव्हा कारण शोधा. झाकणावर डॉट 3 की डॉट 4 लिहिलेलं असतं, तेच वापरायचं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो, ओल शोषल्यावरचं किमान प्रमाण 155 अंशांचं आहे. काळपट झालेलं, तीन-चार वर्षांचं ऑइल असेल तर ते आधी बदला, नाहीतर घाटात पेडल मऊ पडेल आणि तुम्ही एबीएसला दोष देत बसाल.

इंजिन सुरू ठेवून पेडल घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर इथेच थांबा. ट्रायल घ्यायची नाही. लाल ब्रेकचा दिवा आणि पिवळा एबीएसचा दिवा एकत्र लागलेले असतील तरीही थांबा. हँडब्रेक पूर्ण सुटलाय आणि ऑइल भरलेलं आहे, तरी दोन्ही दिवे आहेत, याचा अर्थ पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. मग जोरात ब्रेक लागला तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गोल फिरते. अशी गाडी टो करून आणायची, चालवत नाही.

पाठीमागे कुणाला तरी उभं करून ब्रेक लाइट लागतात का ते बघा. पेडलजवळचा तो छोटा स्विच एबीएसच्या कॉम्प्युटरलाही ब्रेक दाबल्याची खबर देतो. स्विच खराब झाला तर एबीएसचा दिवा लागू शकतो, आणि तो स्वस्तात बदलता येतो.

चारही टायर एकाच मापाचे आहेत का, हवा सारखी आहे का? हे लोक सोडून देतात. कॉम्प्युटर चाकाचा वेग फेऱ्या मोजून काढतो, त्याला टायरचा घेर दिसत नाही. 620 मिलिमीटर व्यासाच्या टायरला नवीन असताना 8 मिलिमीटर नक्षी असेल आणि शेजारचा 2 मिलिमीटरवर आला असेल, तर व्यासात 12 मिलिमीटरचा, म्हणजे साधारण दोन टक्क्यांचा फरक पडतो. एवढा फरक बहुतेक गाड्या खपवून घेतात. पण त्यात एका टायरची हवा निम्मी असली, किंवा बाकीच्या चाकांपेक्षा लहान स्टेपनी महिनाभर तशीच लावून ठेवली, तर कॉम्प्युटर गोंधळतो.

बॅटरी आणि फ्यूज

मल्टिमीटर असेल तर बंद गाडीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास आणि चालू इंजिनवर साधारण 13.8 ते 14.4 दाखवायला हवी. सेल्फ मारताना बॅटरी फार खाली बसली तर एबीएस आपण होऊन बंद होतं आणि दिवा लागतो. गाडी बंद करून परत सुरू केली की दिवा जातो. मालकाला वाटतं दोष आपोआप बरा झाला. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर साफ करा, नट घट्ट करा. फ्यूज एकच नसतो. पंपाचा मोठा फ्यूज वेगळा, कॉम्प्युटरचा छोटा वेगळा. बॉनेटखालच्या डब्याच्या झाकणावर तक्ता असतो, त्यावरून दोन्ही काढून बघा. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा घालायचा नाही. परत उडाला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे. पावसाळ्यात उबेला इंजिनात शिरलेले उंदीर वायर कुरतडतात, त्यामुळे तिथेही एक नजर टाका.

ट्रायल : आधी नुसत्या कानांनी आणि पायांनी

आता गाडी रस्त्यावर. जागा आणि वेळ फार महत्त्वाची आहे. मी सुट्टीच्या दिवशी सकाळी सहा-साडेसहाला वसाहतीच्या आतल्या रिकाम्या, सरळ रस्त्यावर जातो. सोलापूर रस्त्यावर, नवले पुलाच्या उतारावर किंवा कुठल्याही घाटात ट्रायल कधीही घ्यायची नाही. मागून येणाऱ्याला तुम्ही मध्येच ब्रेक का दाबताय हे कळायचा मार्ग नाही. सीट बेल्ट लावा, मागच्या सीटवरचं सामान काढा, आणि सोबत दुसरा माणूस घ्या. चालवणाऱ्याने फक्त चालवायचं.

काचा खाली करा. पहिली फेरी तीस-चाळीसच्या वेगाने सरळ. घूं-घूं असा आवाज येतो का आणि वेगाबरोबर चढतो का, ते ऐका. तो बेअरिंगचा आवाज असतो. मग मोकळ्या जागेत पंधरा-वीसच्या वेगाने आधी डावीकडे, नंतर उजवीकडे मोठा गोल घ्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. आवाज किंवा दिवा तेव्हाच येत असेल तर उजव्या बाजूची चाकं आधी तपासायची. खड्ड्याने मार खाल्लेलं बेअरिंग वजन पडलं की कणभर हलतं, आणि सेन्सर व रिंगमधलं अंतर बदलतं. ते अंतर मुळातच एक मिलिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे तो कणही पुरतो.

तिसरी फेरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच बहुतेक जण घेत नाहीत. वीसच्या वेगावरून अगदी अलगद ब्रेक लावत, अंडं फुटणार नाही इतक्या हळुवारपणे, गाडी पूर्ण थांबवायची. असं किमान दहा वेळा करा. दोष असेल तर शेवटच्या मीटरभरात तो दिसतोच.

कारण समजून घ्या. चाकाबरोबर एक दात्यांची रिंग फिरते. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये तिच्यामुळे वीज तयार होते, आणि चाक जितकं हळू फिरेल तितकी ती वीज कमी. सगळी चाकं सातच्या वेगाने फिरत असतात. ज्या चाकाचा सेन्सर घाण, गंज किंवा वाढलेल्या अंतरामुळे कमजोर आहे, त्याचा सिग्नल इतरांच्या आधी मरतो. कॉम्प्युटरला दिसतं: तीन चाकं सातवर, एक शून्यावर. म्हणजे एक चाक लॉक झालं! तो लगेच त्या चाकाचा ब्रेक सोडतो. चाक खरं तर लॉक झालेलंच नसतं, म्हणून गाडी पुढे सरकते. कॉम्प्युटरच्या हिशेबाने त्याने योग्य तेच केलं, त्यामुळे तो दोषाची नोंदही करत नाही. दिवा न लागण्याचं आणि कॉम्प्युटरमधली दोषांची नोंद वाचणाऱ्या स्कॅनरवर "दोष नाही" येण्याचं हेच कारण. म्हणून नुसता स्कॅनर लावून उभ्या गाडीचं निदान करणाऱ्यावर विसंबू नका.

शंका राहिलीच, तर एबीएसचा मोठा फ्यूज काढून तीच हळू फेरी परत घ्या. थरथर गेली तर एबीएसच उगाच लागत होतं, राहिली तर डिस्क किंवा ड्रम. पण फ्यूज काढलेला असताना एबीएस आणि ईबीडी दोन्ही बंद असतात. ही फेरी वीसच्या वर न्यायची नाही, ओल्या रस्त्यावर घ्यायची नाही, आणि फ्यूज तिथेच परत बसवायचा.

स्कॅनर लावून ट्रायल

मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड, म्हणजे नोंदवलेल्या दोषांचे क्रमांक, वाचतात. एबीएसचे कोड "सी" अक्षराने सुरू होतात, ते वाचणारा स्कॅनर हवा, आणि त्यात चारही चाकांचा वेग चालू गाडीत दिसला पाहिजे. स्वतःचा नसेल तर ज्या गॅरेजकडे आहे त्यांना ट्रायलचे पैसे देऊन हे करून घ्या. मॉड्यूलच्या तुलनेत ते पैसे काहीच नाहीत.

सासवडहून आलेली एक हॅचबॅक सांगतो. दोन ठिकाणी "कोड नाही" म्हणून परत पाठवलेली, तिसऱ्या ठिकाणी मॉड्यूल सांगितलेलं. मी चालवत होतो, गॅरेजमधला पोरगा शेजारी स्कॅनर धरून चार आकडे मोठ्याने वाचत होता. "अठरा, अठरा, अठरा, अठरा. बारा, बारा, बारा, बारा. आठ, आठ, आठ, शून्य!" आणि त्याच क्षणी पेडल कर्रर्र. परत केलं, तेच. पुढचं डावं चाक. चार थांबण्यांत चारही वेळा तेच चाक.

चाक खोललं. एक्सलवर बसलेली लोखंडी रिंग वरवर पाहता अख्खी होती. नखाने एकेक दाता चाचपत गोल फिरवल्यावर एका जागी नख अडकलं. केसाएवढी भेग. एक्सलवर गंज फुगला होता, त्याने रिंगला आतून रेटून फोडलं होतं. भेगेपाशी दोन दात्यांमधलं अंतर वाढलेलं, म्हणून दर फेरीला एकदा सिग्नल चुकायचा. नाना पेठेतून रिंग आणली, एक्सलचा गंज पॉलिश पेपरने पूर्ण काढला, नवी रिंग बसवली. मॉड्यूलला हातही लावला नाही.

चाक खोलून काय बघायचं

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, खाली टेकू देणारी घोडी लावाच. चाक वर-खाली धरून हलवा, खडखड वाटली तर बेअरिंग. स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून सेन्सरची वायर ताणली जाते का, टायरला घासते का ते बघा. कपलर काढून आत हिरवट थर आहे का पाहा. सेन्सर गंजलेल्या लोखंडात प्लॅस्टिकच्या नळीसारखा अडकलेला असतो. ओढलात तर तुटणार. गंज सोडवणारं तेल मारा, अर्धा तास थांबा, थोडं थोडं डावं-उजवं फिरवत काढा. काही सेन्सरच्या टोकाला चुंबक असतं, त्यावर खडूच्या भुकटीसारखा करड्या लोखंडाचा बारीक लेप चढलेला दिसेल. फडक्याने पुसा, कानस लावू नका. सेन्सर बसतो त्या जागेचा गंजही काढा, नाहीतर सेन्सर कणभर वर राहतो.

नव्या गाड्यांत बऱ्याचदा दात्यांची रिंग नसतेच. बेअरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकी पट्टी असते. तिथे एक चूक मी कितीदा तरी दुरुस्त केली आहे: नवं बेअरिंग उलटं ठोकलेलं. चुंबकी बाजू सेन्सरकडे हवी. ओळखायला स्टेपलरची पिन बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना लावून बघा, जिथे चिकटते ती चुंबकी बाजू. बेअरिंग बदलल्यानंतर लगेच दिवा लागायला लागला असेल तर आधी हीच शंका घ्या.

मल्टिमीटरने मोजायचं तर सेन्सर कुठल्या जातीचा आहे ते आधी पक्कं करा. जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा रोध साधारण हजार ते दोन हजार ओहम मिळतो. डाव्या-उजव्याची तुलना करा, ती आकड्यापेक्षा जास्त सांगते. बाहेरून वीज घेऊन चालणाऱ्या नव्या सक्रिय सेन्सरचा रोध मोजायचाच नाही, आत इलेक्ट्रॉनिक्स असतं. तिथे फक्त चावी ऑन करून कपलरपर्यंत व्होल्टेज येतंय का ते तपासा.

इथे थांबा

चारही चाकांचे वेग ट्रायलमध्ये बरोबर, वायर, फ्यूज, बॅटरी ठीक, आणि तरीही पंपाचा किंवा व्हॉल्वचा कोड येतोय, तर घरी पुढे जाऊ नका. मॉड्यूल आणि त्याच्या पाइपांना हात लावला की आत हवा शिरते. ती नुसतं पेडल मारून पूर्ण निघेल याची खात्री नसते, बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने पंप फिरवून ब्लीडिंग, म्हणजे ती हवा बाहेर काढण्याचं काम, करावं लागतं. हायब्रिड गाडीत ब्रेक पाइपात खूप दाब साठवलेला असू शकतो, तिची ब्रेक यंत्रणा घरी अजिबात खोलू नका. पेडल मऊ, गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते, चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलचे ओघळ दिसतात: यातलं काहीही असेल तर गाडी उभी करा आणि ब्रेकचं काम जाणणाऱ्याला बोलवा. फक्त पिवळा दिवा असेल आणि पेडल कडक असेल, तर साधे ब्रेक चालतात. हळू, अंतर ठेवून गॅरेजपर्यंत या. घाट आणि पाऊस मात्र टाळा.

काम झाल्यावर

कोड पुसला तरी कित्येक गाड्यांत दिवा लगेच जात नाही. थोडं अंतर चालवल्यावर, कॉम्प्युटरला चारही चाकं नीट दिसली की जातो. त्याच रस्त्यावर तेच गोल, तीच दहा हळुवार थांबणी परत घ्या. सगळं ठीक असेल तरच शेवटी एकदा, ओलसर किंवा खडीच्या मोकळ्या जागेत, तीसच्या वेगाने ब्रेक पूर्ण दाबा. आता पेडल थरथरलं पाहिजे, पंपाचा घर्रर्र आवाज आला पाहिजे आणि स्टेअरिंग वळलं तिकडे गाडी वळली पाहिजे. अगदी शेवटच्या फूटभरात चाक घासून खूण उमटली तर चालेल, त्या वेगाला एबीएस काम सोडतं.

माझ्याकडे शेवटची ट्रायल मी गाडीमालकालाच चालवायला लावतो आणि स्वतः शेजारी बसतो. महिनाभर ते थरथरणं त्यांच्या पायाने सोसलेलं असतं, तेव्हा ते खरंच गेलंय का हे त्यांच्याच पायाला आधी कळतं.